मदत हवी आहे: ओंटारियोतील तुरुंग कर्मचाऱ्याचा आघातानंतरचा मानसोपचार नियोक्त्याच्या खर्चाने कसा मिळवावा?

उत्तररात्र:

नमस्कार. माझे पती ओंटारियोतील एका प्रांतीय तुरुंगात अनेक वर्षे करेक्शनल ऑफिसर आहेत. भारतातील वाचकांसाठी सांगते, की कॅनडात दोन वर्षांपेक्षा कमी शिक्षा झालेले आणि खटला चालू असलेले कैदी प्रांतीय तुरुंगात असतात, आणि त्याहून मोठ्या शिक्षेचे केंद्र सरकारच्या तुरुंगात. त्यामुळे प्रांतीय तुरुंगात माणसे सतत येत-जात असतात, पुष्कळजण व्यसनाच्या किंवा मानसिक आजाराच्या अवस्थेत आलेले असतात, आणि बेशुद्ध पडलेल्या कैद्याला वाचवण्यासाठी धावणे हा तेथील कामाचा नेहमीचा भाग आहे.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या पतींच्या पाळीत एका कैद्याने आत्महत्या केली. त्याला वाचवण्याचा प्रयत्न करणाऱ्यांत हे होते आणि तो वाचला नाही. त्याआधीही अशा घटना झाल्या होत्या, पण या वेळेपासून त्यांची झोप गेली आहे. हॉटेलात दाराकडे तोंड करूनच बसतात, किल्ल्यांचा आवाज झाला तरी दचकतात, आणि ज्या माणसाने इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी ढोल वाजवला तो या वर्षी सभागृहाच्या बाहेर गाडीत बसून राहिला. तुरुंगातील त्या विभागात जावे लागू नये म्हणून ते सहकाऱ्यांशी पाळ्या बदलून घेतात, हे मला बऱ्याच उशिरा कळले.

घटनेनंतर तुरुंग खात्याने सर्वांना एकत्र बसवून एक चर्चासत्र घेतले आणि कर्मचारी व कुटुंब साहाय्य योजनेचा, म्हणजे ईएफएपीचा, क्रमांक दिला. त्या योजनेतील समुपदेशनाची सत्रे विनामूल्य होती, समुपदेशकही चांगल्या होत्या, परंतु ती ठरावीक सत्रे संपली. फॅमिली डॉक्टरांना हा आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी, वाटतो. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली आहे, पण तिथली प्रतीक्षायादी मोठी आहे. खाजगी मानसशास्त्रज्ञाचे शुल्क ओहिपमध्ये, म्हणजे प्रांताच्या सरकारी आरोग्य विम्यात, बसत नाही, आणि नोकरीतून मिळणाऱ्या विम्याची वार्षिक मर्यादा काही भेटींतच संपेल असे दिसते.

माझे प्रश्न असे आहेत. हा खर्च कामामुळे झालेल्या इजेचा म्हणून डब्ल्यूएसआयबीकडून, म्हणजे प्रांताच्या कामगार विमा मंडळाकडून, मिळू शकतो का? मिळत असेल तर फॅमिली डॉक्टरांचे पत्र पुरेसे आहे का? एकच घटना दाखवावी लागते की आधीच्या घटनाही धरतात? आणि आमच्या घरात ज्यावरून सर्वांत जास्त चर्चा होते तो प्रश्न: क्लेम केला तर वरिष्ठांना सर्व कळेल आणि पुढे सार्जंटच्या पदासाठी अर्ज करताना ते आड येईल, या त्यांच्या भीतीत तथ्य किती? सासूबाईंचा आग्रह आहे की पुण्यातील एखाद्या समुपदेशकाशी व्हिडिओवर मराठीत बोलावे. त्याबद्दलही मत हवे आहे.

हे सर्व मी पतींना विचारून आणि त्यांना वाचून दाखवून लिहीत आहे. तुरुंगाचे नाव मात्र कृपया कोणी विचारू नये.

सरोवरकाठ:

ताई, मी याच प्रांतात पॅरामेडिक आहे आणि या वाटेने गेलेलो आहे, म्हणून आधी एवढेच सांगतो की क्लेम करा. ईएफएपीला नावे ठेवण्याचे कारण नाही. पहिल्या काही आठवड्यांत कोणीतरी ऐकून घेणारे लागते आणि ते काम ती योजना करते. पण ती थोड्या काळाच्या आधारासाठी आखलेली आहे, आणि तिथे फोन केला म्हणजे आपली इजा कुठे नोंदवली गेली असा आमच्याकडे अनेकांचा गैरसमज असतो. ईएफएपी गोपनीय आहे, त्यामुळे तिथून मंडळाकडे काहीही जात नाही. मंडळाचा क्लेम ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे आणि ती स्वतंत्रपणे सुरू करावी लागते.

‘बूट्स ऑन द ग्राउंड’ नावाची एक फोनसेवा ओंटारियोत आहे. तिथे पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका आणि तुरुंग या क्षेत्रांतीलच स्वयंसेवक फोन घेतात आणि नाव सांगावे लागत नाही. तुमच्या पतींना समुपदेशकापेक्षा आधी अशा माणसाशी बोलणे सोपे जाईल, असे मला माझ्या अनुभवावरून वाटते. रात्र फारच अवघड झाली आणि मनात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येऊ लागले, तर ९८८ हा देशभरचा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

खर्डेघाशी:

माझे काम कामगार नुकसानभरपाईच्या दाव्यांशी संबंधित आहे. येथे सर्वसाधारण माहिती देत आहे. प्रत्यक्ष क्लेम त्यांच्या युनियनच्या प्रतिनिधीला दाखवूनच करावा.

ओंटारियोत एप्रिल २०१६ मध्ये विधेयक १६३ मंजूर झाले आणि १९९७ च्या कामगार सुरक्षा व विमा कायद्यात एक गृहीतक आले. पोलीस, अग्निशमन कर्मचारी, पॅरामेडिक, आपत्कालीन फोन घेणारे डिस्पॅचर आणि तुरुंगातील कर्मचारी यांपैकी कोणाला पीटीएसडीचे निदान झाले, तर तो विकार कामामुळेच झाला असे मंडळाने धरून चालायचे, आणि तसे नसल्याचा पुरावा असेल तरच उलट निर्णय द्यायचा. पुढे २०१८ मध्ये परिचारिका आणि प्रोबेशन अधिकारी यांचाही त्यात समावेश झाला. त्याआधी माणसाला अमुक एक घटना, ती अचानक व अनपेक्षित होती, आणि आजार तिच्यामुळेच झाला, हे सर्व स्वतः सिद्ध करावे लागे. तुरुंगात काम करणाऱ्याला ‘तुमच्या कामात असे होणारच, मग ते अनपेक्षित कसे?’ असे उत्तर मिळण्याची सोय त्या व्यवस्थेतच होती. आता ती अट या लोकांना लागू नाही. म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की एकाच घटनेवर बोट ठेवण्याची गरज नाही, वर्षानुवर्षे साठत गेलेल्या घटनाही सांगता येतात आणि सांगाव्यात.

मात्र गृहीतकाचा लाभ मिळण्यासाठी निदान मानसोपचारतज्ज्ञाने किंवा मानसशास्त्रज्ञाने केलेले असावे लागते. फॅमिली डॉक्टरांचे पत्र उपयोगी आहे, पण पुरेसे नाही. नोंदणीकृत सायकोथेरपिस्ट किंवा सोशल वर्कर उपचार करू शकतात, पण त्यांच्या सहीचे निदान इथे चालत नाही. बरेच क्लेम नेमके या ठिकाणी अडकतात. तरीही निदान हातात येईपर्यंत थांबू नका. क्लेमची सर्वसाधारण मुदत सहा महिन्यांची आहे. न्याय्य कारण असेल तर ती वाढवण्याचा अधिकार मंडळाला आहे, पण आपण त्यावर विसंबू नये. पतींनी फॉर्म ६ भरायचा असतो, आणि उपचार घ्यावे लागल्याचे किंवा पगार बुडाल्याचे कळल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत नियोक्त्याने फॉर्म ७ पाठवायचा असतो. कर्मचाऱ्याला क्लेम करण्यापासून परावृत्त करणे नियोक्त्याला कायद्याने मना आहे.

फॉर्म ६ भरताना एक काळजी घ्या. बदली, शिस्तभंगाची कारवाई, पाळ्यांची आखणी अशा नियोक्त्याच्या निर्णयांमुळे झालेला पीटीएसडी या तरतुदीतून वगळलेला आहे. प्रत्येकाच्या मनात वरिष्ठांबद्दल काही ना काही राग असतो आणि तो लिहिताना बाहेर पडतो. तुमच्या पतींनी तो या अर्जात आणू नये. घटना, तारखा, तुरुंगातील विभाग, सोबतचे सहकारी आणि त्या दिवशी लिहिलेल्या ऑकरन्स रिपोर्टच्या, म्हणजे घटनेच्या लेखी अहवालाच्या, प्रती एवढ्यावरच राहावे.

खर्चाबद्दल बोलायचे तर ही भरपाई करदात्याची मेहेरबानी नाही आणि पगारातून कापलेला हप्ताही नाही. ही व्यवस्था संपूर्णपणे नियोक्त्यांच्या पैशावर चालते, आणि प्रांतीय सरकार ‘शेड्यूल २’ मधील नियोक्ता असल्यामुळे त्याच्या कर्मचाऱ्यांच्या क्लेमचा प्रत्यक्ष खर्च मंडळ त्याच्याकडूनच वसूल करते. क्लेम मंजूर झाल्यास आवश्यक उपचारांचा खर्च मंडळ देते, आणि काम थांबवावे लागले तर निव्वळ कमाईच्या ८५ टक्के रक्कम एका कमाल मर्यादेपर्यंत मिळते.

आता गोपनीयता. क्लेम झाला आहे हे नियोक्त्याला कळणारच, कारण फॉर्म ७ त्यालाच भरायचा आहे. पण समुपदेशनात काय बोलले गेले ते त्याच्याकडे जात नाही. कामावर परतण्याच्या दृष्टीने हा माणूस कोणते काम करू शकतो आणि कोणते नाही, एवढी माहिती त्याला मिळते. निर्णयाविरुद्ध वाद निर्माण झाला तर नियोक्ता फाइल मागू शकतो, परंतु वैद्यकीय कागद देण्यापूर्वी मंडळ कर्मचाऱ्याला कळवते आणि त्याला हरकत घेता येते. पदोन्नतीत या कारणाने डावलणे मानवी हक्क संहितेनुसार अपंगत्वावर आधारित भेदभाव ठरतो. असे कधी घडतच नाही असे मी म्हणणार नाही, पण घडल्यास दाद मागण्याची जागा आहे.

क्लेम नाकारला गेला तर सहा महिन्यांच्या आत लेखी हरकत घ्यावी. कामावर परतण्यासंबंधीच्या निर्णयांना मात्र ही मुदत फक्त ३० दिवसांची आहे, हे विसरू नये. प्रांतीय तुरुंगांतील अधिकाऱ्यांची युनियन ओप्सू आहे, आणि असे क्लेम पाहणारे लोक तिच्याकडे असतात.

इगतपुरीकर:

वहिनी, कायद्याच्या गोष्टी होत राहतील, पण त्यांना महिनाभराची रजा घेऊन भारतात आणा. आमच्या इगतपुरीला विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर केले तर मन शांत होईल. माझ्या पाहण्यातील एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांना पुष्कळ फरक पडला.

मनमोकळी:

मी पुण्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. इगतपुरीकर यांचा हेतू चांगला आहे, तरी या अवस्थेत मी दहा दिवसांचे मौन सुचवणार नाही. ज्याला नको ती दृश्ये आपोआप दिसत आहेत, त्याला दिवसभर डोळे मिटून बसवल्यास त्रास वाढू शकतो. शिबिराच्या अर्जातही मानसिक आरोग्याची माहिती विचारलेली असते, आणि ती याच कारणासाठी असते.

घटनेनंतर सर्वांना बसवून घेतलेल्या चर्चासत्राविषयी एक गोष्ट सांगते. अशा एका सत्राने पीटीएसडी टळतो असा पुरावा नाही. कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणारी संस्था आहे. एकेका व्यक्तीबरोबर घेतलेल्या एकाच सत्राविषयीच्या तिच्या २००२ च्या आढाव्यात तसा परिणाम आढळला नव्हता. त्यामुळे सत्राला बसूनही बरे वाटत नाही यात तुमच्या पतींचे काहीही चुकलेले नाही. लक्षणे महिन्याहून अधिक टिकली की पीटीएसडीचा विचार केला जातो, आणि त्यावर परिणामकारक उपचार उपलब्ध आहेत. तज्ज्ञ निवडताना थेट विचारा, की तुम्ही प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर, कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी किंवा ईएमडीआर या पीटीएसडीवरच्या उपचारपद्धतींपैकी काय करता. नुसते ‘आपण बोलत राहू’ असे उत्तर आले तर दुसरीकडे चौकशी करावी. तुरुंग किंवा पोलीस कर्मचाऱ्यांबरोबर काम केलेली व्यक्ती मिळाली तर फार उत्तम, कारण मग निम्मी सत्रे कामाचे स्वरूप समजावून सांगण्यात जात नाहीत.

पुण्याच्या समुपदेशकाविषयी माझे मत असे आहे: मूळ उपचार ओंटारियोत नोंदणी असलेल्या तज्ज्ञाकडेच घ्यावेत, कारण मंडळाशी पत्रव्यवहार, अहवाल आणि कामावर परतण्याचे नियोजन त्यांनाच करायचे आहे. घटना इंग्रजीत घडली, रिपोर्ट इंग्रजीत लिहिला गेला, पण भीती आणि अपराधीपणा मराठीत दाटून येतात, हे मी परदेशातील रुग्णांत पाहते. तेव्हा सत्रात मध्येच मराठी वाक्य आले तर येऊ द्यावे आणि मग त्याचा अर्थ सांगावा. तज्ज्ञाची त्याला हरकत नसते.

आणि ताई, ईएफएपीमधला ‘एफ’ कुटुंबाचा आहे. त्यांची सत्रे संपली असली तरी तुम्हाला स्वतःसाठी किती मिळतात ते विचारा.

उत्तररात्र:

सर्वांचे मनापासून आभार. इगतपुरीकर, आपल्या आपुलकीबद्दल आपलेही आभार. वरिष्ठांविषयीचा राग अर्जात आणू नये हा मुद्दा ऐकून पती बऱ्याच दिवसांनी हसले, कारण त्यांनी कच्चा मजकूर लिहून ठेवला होता आणि त्यातला बराचसा भाग पाळ्यांविषयीच होता. युनियनच्या प्रतिनिधीशी बोलणे झाले असून फॉर्म ६ या आठवड्यात जाईल.

एक शंका उरली आहे. त्यांना काम पूर्णपणे सोडून घरी बसायचे नाही. घरी बसलो तर अधिकच विचार येतील असे ते म्हणतात. कामावर राहूनही उपचारांचा खर्च मिळू शकतो का?

खर्डेघाशी:

मिळू शकतो. पगार बुडालेला नसला तरी केवळ उपचारांसाठी क्लेम करता येतो, आणि असे क्लेम मोठ्या संख्येने होतात. फक्त ‘मी कामावर आहे’ याचा अर्थ ‘मला काही अडचण नाही’ असा लावला जाऊ नये म्हणून, सध्या सहकाऱ्यांशी आपापसांत पाळ्या बदलून जे चालले आहे ते बंद करून, तो विभाग टाळण्याची सोय तज्ज्ञाच्या शिफारशीसह लेखी मागावी. तशी सोय करून देणे, फारच मोठी अडचण असल्याशिवाय, नियोक्त्याचे कर्तव्य आहे. पुढे कधी काम थांबवावेच लागले तर त्याच क्लेममध्ये पगाराच्या भरपाईची मागणी करता येते, नवा क्लेम करावा लागत नाही. तो बदल झाला की मंडळाला लगेच कळवावे.