माल्ट उकळण्यासाठी गच्चीवर स्टँड आणि बर्नर : आराखड्याबाबत सल्ला हवा आहे

प्रश्न : बार्ली_गोरेगाव

सर्वांना नमस्कार. एका वेळी २५ लिटर माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा) रस उकळता येईल असा लोखंडी स्टँड आणि त्याला साजेसा बर्नर तयार करून घेण्याचा माझा विचार आहे. माझा भाचा इंग्लंडमध्ये असतो आणि तिथे हौसेने घरी बिअर करतो. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरगुती बिअरसाठी परवाना लागत नाही, फक्त ती विकता येत नाही. त्याने आपल्या स्टँडची मापे आणि छायाचित्रे मला पाठवली आहेत. मला स्वतःला बिअर करायची नाही. बार्लीचा माल्ट गरम पाण्यात मुरवून, गाळून, आले घालून उकळलेले, न आंबवलेले पेय करायचे आहे. मात्र यीस्ट घालण्याच्या टप्प्यापर्यंत दोन्हींची कृती आणि उपकरणे सारखीच असल्यामुळे त्याच्याच आराखड्यावरून सुरुवात करावी असे ठरवले आहे.

त्याचा स्टँड तीन पायऱ्यांचा आहे. सर्वांत वर गरम पाण्याचा टोप, मधल्या पायरीवर माल्ट मुरवण्याचे भांडे आणि खाली उकळण्याचा टोप अशी रचना असून प्रत्येकाखाली स्वतंत्र बर्नर आहे. पंप नाही, सगळा प्रवाह उतारानेच होतो. आमची इमारत पाच मजली आहे. गच्ची वापरण्यास सोसायटीने तोंडी संमती दिली आहे आणि लेखी परवानगी मी मागितली आहे. घरात पाइपचा गॅस आहे. सांगाडा चौकोनी पाइपचा करावा की अँगलचा (काटकोनी लोखंडी पट्टीचा), बर्नर किती मोठा असावा, आणि घरातल्या गॅसच्या लाइनवरून फाटा घेऊन तो गच्चीवर नेता येईल का, या तीन गोष्टींवर आपले मत हवे आहे.

प्रतिसाद : लोखंडकाम_कुर्ला

सांगाड्याबद्दल सांगतो, कारण रोजचे काम तेच आहे.

तीन पायऱ्यांचा मनोरा करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तीन टोप एकाखाली एक बसवायचे तर वरच्या टोपाचा काठ सहज सहा फुटांवर जातो आणि ७५ ते ८० अंशांचे पंचवीस-तीस लिटर पाणी माणसाच्या डोक्याच्या उंचीवर येते. त्यात डोकावून पाहायलासुद्धा स्टूल लागते. शिवाय गच्चीला पाणी वाहून जाण्यासाठी मुद्दाम उतार दिलेला असतो, त्यामुळे उंच सांगाडा तिथे ओळंब्यात उभा राहत नाही. एकच बुटका स्टँड करा. टोप जिथे टेकतो ती पातळी जमिनीपासून सुमारे ५० सेंटिमीटर ठेवली, तर ५० लिटरच्या टोपाचा काठ कमरेच्या आसपास येतो आणि नळाखाली भांडेही मावते.

पायांसाठी ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटरचा एम.एस. (साध्या पोलादाचा) अँगल घ्यावा. भरलेला टोप चाळीस किलोच्या आसपास जाईल आणि हा अँगल त्याहून कितीतरी जास्त भार पेलतो. तरीही मी तो सुचवतो, कारण बारीक माल उष्णतेने पिळतो आणि मग चौथा पाय अधांतरी राहतो. टोपाखालच्या आडव्या पट्ट्या २५ बाय ५ मिलिमीटरच्या घ्या आणि त्या आडव्या न टाकता उभ्या धारेवर बसवा. पट्टीचा ताठपणा तिच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे तीच पट्टी उभी केली की पंचवीस पट ताठ होते. ज्योतीच्या बरोबर वर असलेले लोखंड लाल होण्याच्या बेताला आले, की त्याची ताकद निम्म्यावर येते. म्हणून तिथे काटकसर करू नये.

चौकोनी पाइप दिसायला नेटका असतो, पण दोन्ही टोके वेल्डिंगने बंद केलेला पोकळ पाइप ज्योतीजवळ आला की आतली हवा आणि शिरलेला ओलावा तापून फुगतो आणि जोड उघडू शकतो. पाइपच वापरायचा असेल तर प्रत्येक तुकड्याला खालच्या बाजूने पाच मिलिमीटरचे भोक पाडून घ्या. पावसाळ्यात आत साचलेले पाणीही तिथूनच बाहेर पडते. जी.आय. पाइप मात्र अजिबात नको. त्याच्यावरचा जस्ताचा थर ४२० अंशांच्या आसपास वितळतो, आणि वेल्डिंग करताना त्याचा जो पांढरा धूर निघतो त्याने कारागिराला थंडी वाजून ताप भरतो.

माल मुंबईतल्या दारूखाना या भंगार लोखंडाच्या बाजारात वजनावर चांगला मिळतो. जुना अँगल घेतलात तरी हरकत नाही, फक्त गंज ग्राइंडरने उतरवून घ्या. आधी चारही कोपऱ्यांना नुसते टाके मारून गुण्या लावावा, कर्ण मोजावेत, आणि दोन्ही कर्ण सारखे आले की मगच पूर्ण वेल्डिंग करावे. प्रत्येक पायाच्या तळाशी नट वेल्ड करून त्यात बोल्ट फिरवला, तर गच्चीच्या उतारावर पातळी साधता येते. पायांना रेड ऑक्साइड आणि वर उष्णतारोधक ॲल्युमिनियम रंग द्या. वरच्या पट्ट्यांना रंग देऊ नका, तो जळून टोपाच्या बुडाला चिकटतो.

प्रतिसाद : निळीज्योत_मुलुंड

वरचा सल्ला उत्तम आहे. मी बर्नरबद्दल लिहितो, कारण माझ्या मते आधी ज्योत ठरवावी आणि सांगाडा तिच्या मापाने करावा.

२५ लिटर पाणी ३० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे ७,३०० किलोजूल उष्णता पाण्यात उतरावी लागते. घरातल्या शेगडीचा मोठा बर्नर टोपाला साधारण दीड किलोवॅट देतो असे धरले, तर उकळी यायला सव्वा तासाहून अधिक वेळ लागेल, आणि तोही वारा नसताना. अर्ध्या तासात उकळी हवी असेल तर टोपात चार किलोवॅट उतरले पाहिजेत. उघड्यावर निम्म्याहून अधिक उष्णता वाया जाते, म्हणून बर्नर १० किलोवॅटच्या आसपासचा असावा. कॅटरिंगवाले वापरतात त्या बिडाच्या भट्टीतला लहान आकार याला पुरतो. त्याहून मोठा घेतल्यास फायदा नाही, कारण एकदा उकळी आली की तासाला तीन लिटर वाफ काढायला टोपात दोन किलोवॅटही पुरतात आणि मोठा बर्नर इतका मंद केला की ज्योत जेटमध्ये (गॅस सोडणाऱ्या बारीक तोटीत) मागे सरकते.

घरच्या लाइनवरून फाटा काढण्याचा विचार कृपया सोडून द्यावा. पाइपच्या गॅसचा घरातला दाब अवघा २१ मिलिबार असतो, त्यामुळे भट्टीचा हाय प्रेशर बर्नर त्यावर चालणारच नाही. नैसर्गिक वायूचे उष्णतामान घनफळामागे एल.पी.जी.पेक्षा बरेच कमी असल्याने त्याला जेटही मोठ्या भोकाचा लागतो. आणि मुख्य म्हणजे त्या पाइपला गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाखेरीज कोणीही हात लावता कामा नये.

म्हणजे सिलिंडर आला. १० किलोवॅटचा बर्नर ताशी सुमारे ८०० ग्रॅम एल.पी.जी. जाळतो. पाच किलोच्या लहान सिलिंडरमधून इतक्या वेगाने वायू काढला तर आतला द्रव वायू होताना स्वतःच थंड पडतो, सिलिंडरला बाहेरून दव धरते, आणि थोड्या वेळाने ज्योत आपोआप बारीक होते. अशा वेळी काही जण सिलिंडरवर गरम पाणी ओततात किंवा तो आडवा करतात. आडवा केल्यास वायूऐवजी द्रवच नळीत शिरतो आणि भडका उडतो. हे दोन्ही प्रकार कोणीही, कधीही करू नयेत. १९ किलोचा सिलिंडर घ्या, तो उभा ठेवा, आणि त्याला हाय प्रेशर रेग्युलेटर व त्याच दाबाची नळी लावा. घरगुती शेगडीची नळी या दाबासाठी बनवलेली नसते.

एल.पी.जी. हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर न जाता जमिनीलगत पसरतो आणि उतार मिळेल तिकडे, म्हणजे गच्चीच्या पन्हाळीकडे किंवा जिन्याच्या दाराकडे जातो. म्हणून सिलिंडर जिन्याच्या दारापासून आणि पाण्याच्या जाळीपासून दूर ठेवावा. संध्याकाळी समुद्राकडून वारा सुटला की ज्योत टोपाच्या बुडाखालून निसटून एका बाजूने वर चढते, तिची टोके पिवळी होतात, आणि टोपाच्या त्या बाजूला बोट फिरवले तर काजळी लागते. हे दिसले की पत्र्याचा आडोसा लावावा, पण तो तीनच बाजूंनी आणि खालून मोकळा असावा. बर्नरला खालून हवा मिळाली नाही तर ज्योत पुन्हा पिवळीच होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडर मात्र आडोशाच्या बाहेर असला पाहिजे.

तुम्हाला तीन बर्नरची गरजच नाही. माल्ट ६५ ते ६८ अंशांवर तासभर मुरावा लागतो, आणि बर्फ ठेवायच्या जाड भिंतीच्या पेटीत तो तेवढा वेळ एक-दोन अंशांच्या फरकाने टिकतो. पाणी त्याच टोपात गरम करून पेटीत ओता, मुरलेला रस पुन्हा टोपात घ्या आणि उकळा. एक बर्नर, एक टोप, एक पेटी.

प्रतिसाद : अधिनियम_दादर

आराखड्याविषयी मला काही सांगायचे नाही. कायद्याची बाजू मात्र इथे स्पष्ट असावी, कारण हा धागा इतरही वाचतील. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते स्वतःपुरते असो वा विक्रीसाठी, आणि बिअर मद्यातच मोडते. त्याच अधिनियमाच्या कलम ६५ मध्ये मद्य तयार करण्याच्या हेतूने साहित्य, भांडी किंवा उपकरणे बाळगणेही समाविष्ट आहे. इंग्लंडमधल्या भाच्याला जे मोकळे आहे ते इथे मोकळे नाही. न आंबवलेल्या पेयासाठी स्टँड करायला अडचण नाही, पण यीस्ट घालण्याचा मोह कोणालाही होऊ नये.

बार्ली_गोरेगाव

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. तीन पायऱ्यांचा विचार सोडला. कायद्याच्या मुद्द्याची मला कल्पना होती, पण उपकरणे बाळगण्याचा उल्लेख नव्याने कळला; म्हणून सोसायटीच्या अर्जात ‘न आंबवलेले माल्टपेय’ असा स्पष्ट उल्लेख करणार आहे. आता दोन शंका उरतात. गच्चीवर कोब्यावर चायना मोझॅक आहे, त्याला बर्नरच्या उष्णतेने इजा होईल का? आणि सोसायटीने गॅसला नकार दिला तर विजेवर हे काम होऊ शकेल का?

प्रतिसाद : सोळा_अँपिअर_बोरिवली

विजेवर निश्चित होऊ शकेल, आणि माझे प्रामाणिक मत असे की फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने आधी विजेचाच विचार करावा. तीन किलोवॅटची हीटिंग कॉइल थेट पाण्यात बुडालेली असल्याने तिची जवळजवळ सगळी उष्णता पाण्यातच उतरते. २५ लिटरला पाऊण तासात उकळी येते आणि पुढे उकळी टिकवायलाही ती पुरते. २३० व्होल्टवर तीन किलोवॅट म्हणजे सुमारे १३ अँपिअर, म्हणून १६ अँपिअरचा सॉकेट आणि चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर हवी. एक्स्टेन्शन बोर्ड नको. टोपाला आणि स्टँडला अर्थिंग करावे, आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) असल्याशिवाय टोपाला हात लावू नये. जुन्या इमारतींत अर्थिंगची वायर सॉकेटपर्यंत आलेली दिसते, पण पुढे कुठेच जोडलेली नसते. इलेक्ट्रिशियनकडून ती मोजून घ्या. कॉइल उघडी पडल्यावर चालू राहिली तर जळते, म्हणून पाणी भरल्यानंतरच बटण दाबावे.

प्रतिसाद : निळीज्योत_मुलुंड

मोझॅकच्या शंकेचे उत्तर देतो. बुटक्या स्टँडच्या बर्नरची झळ खाली लागतेच, आणि तुकडे सुटून कोब्यात भेग गेली की पावसाळ्यात खालच्या मजल्याच्या छताला ओल येते. बर्नरखाली भट्टीच्या विटांचा एक थर आणि त्यावर पत्रा ठेवा, विटा आणि गच्ची यांच्यामध्ये बोटभर हवा खेळेल अशी रचना करा. पायांच्या बोल्टखाली चार इंची चौकोनी पट्ट्या ठेवल्या म्हणजे भारही पसरेल.

आणखी एक गोष्ट, जी स्टँडची नसली तरी महत्त्वाची आहे. उकळी फुटताना रसावर दाट, तपकिरी फेस येतो आणि पाहता पाहता काठावरून उतू जातो. तो बर्नरवर पडला तर ज्योत विझते, पण गॅस चालूच राहतो. म्हणून २५ लिटरसाठी टोप किमान ४० लिटरचा घ्या आणि उकळी येण्याच्या सुमारास रेग्युलेटरवरचा हात काढू नका. उकळलेला रस तांब्याच्या गुंडाळीतून पाणी फिरवून थंड करा. उन्हाळ्यात मुंबईच्या नळाचे पाणीच कोमट असते, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात बर्फाच्या पाण्यात टोप ठेवावा लागेल. पेय लगेच फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा. गोड रस बाहेर राहिला तर हवेतल्या यीस्टने तो आपोआप आंबतो, आणि घट्ट बुचाच्या बाटलीत बाहेर साठवला तर बोट्युलिझमचा (जीवघेण्या अन्नविषबाधेचा) धोका असतो.

स्टँड तयार झाल्यावर पहिल्या दिवशी माल्ट घेऊ नका. टोप काठोकाठ थंड पाण्याने भरून स्टँडवर तासभर नुसता ठेवा आणि पातळी पुन्हा तपासा. नंतर रेग्युलेटर, नळी आणि जेटच्या प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बर्नरचा कॉक बंद ठेवून सिलिंडर उघडा. कुठेही बुडबुडा आला तर सिलिंडर बंद करून तो जोड पुन्हा बसवा. बुडबुडे नसतील तर टोपातले पाणी २५ लिटरवर आणा आणि ते उकळून पाहा. किती वेळ लागला, वाऱ्याने ज्योत कुठे वळली आणि तासाभरात किती पाणी आटले ते लिहून ठेवा. टोपाचे बूड आणि बर्नर यांतले अंतर दहा ते पंधरा सेंटिमीटरच्या दरम्यान कुठे ठेवायचे ते याच चाचणीत ठरेल, म्हणून बर्नरची पट्टी वेल्ड न करता बोल्टने वर-खाली होईल अशी ठेवायला कारागिराला आत्ताच सांगा.