सोनेरी कागदातलं पामतेल आणि आपली चकली

गोखलेरोडी (ठाणे), शनिवार रात्री ९.४०

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काल एका काकांनी फतवा काढला. जसाच्या तसा देतो: "यंदा दिवाळीला कोणीही त्या सोनेरी कागदातल्या हेझलनट वेफरच्या गोळ्या वाटू नयेत. आत सगळं पामतेल आणि साखर. हेझलनट फक्त वासाला. त्यापेक्षा आपला फराळ द्या, शुद्ध असतो, काय खातोय ते कळतं." खाली चाळीसेक अंगठे. एकानेही डबा उलटा करून मागचं वाचलं नसणार, पैज लावतो.

मी वाचलं. फेरेरो रोशेच्या डब्यामागे क्रम असा आहे: मिल्क चॉकलेट ३० टक्के, हेझलनट २८.५ टक्के, मग साखर, मग पामतेल, मग गव्हाचं पीठ. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणजे पामतेल चौथं. १६ गोळ्यांचा डबा २०० ग्रॅमचा, एक गोळी साडेबारा ग्रॅमची. त्यात हेझलनट साडेतीन ग्रॅम, मधला अख्खा दाणा आणि बाकीचा चुरा धरून. हे "वासाला" असेल तर काकांच्या बासुंदीतलं केशर म्हणजे अफवाच म्हणायची.

आणि हेझलनट मुळात आलं तेच काटकसरीतून. नेपोलियनच्या नाकेबंदीत इटलीत कोको मिळेना, तेव्हा पिडमाँटच्या हलवायांनी तिथल्या टेकड्यांवरचे हेझलनट कुटून चॉकलेटमध्ये घातले, असं सांगतात. दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा तीच टंचाई, आणि आल्बा गावात फेरेरोने तीच युक्ती केली. सोनेरी गोळी आली १९८२ साली. म्हणजे एकेकाळची भर आज मालापेक्षा भाव खाते. "परदेशी" म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी: या कंपनीचा कारखाना बारामतीला आहे. चालू द्या.

साळुंकी (घोडबंदर), रात्री १०.०५

वकिली छान. पण अशील सोयीचा निवडलात. साखरेचं काय? शंभर ग्रॅममागे ४० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका गोळीत चमचाभर. माझा मुलगा एका बैठकीत सहा खातो.

आणि तो महागडा डबा देतंय कोण हो? आमच्या टॉवरमध्ये वाटतात ते चौकोनी वेफरचे पुडे. आत्ता एक हातात आहे, नाव लिहीत नाही. साखर पहिली, वनस्पती चरबी दुसरी, मैदा तिसरा. हेझलनट पेस्ट शोधायला चष्मा लावला, शेवटून तिसरी सापडली, मिठाच्या शेजारी. पुढच्या चित्रात मात्र अख्खे दाणे धबधब्यासारखे कोसळतायत. "चोको" लिहिलंय, "चॉकलेट" नाही, तेही बघा. कोको बटर काढून स्वस्त चरबी घातली की शब्द असा अर्धा होतो. तुमचे काका चुकले असतील, पण फारसे नाही.

रबाळे_नाईटशिफ्ट (ऐरोली), रात्री १०.४०

नऊ वर्षं एका वेफर लाईनवर काढली, टीटीसी एमआयडीसीत, म्हणजे ठाणे-बेलापूरच्या कारखान्यांच्या पट्ट्यात. कंपनीचं नाव विचारू नका.

वेफरचं पीठ म्हणजे मैदा आणि पाणी, तेल जेमतेम. आंबोळीच्या पिठाहून पातळ. दोन तापलेल्या लोखंडी पाटांमध्ये सोडायचं, झाकण लॉक. पाण्याची वाफ होते, बाहेर पडायला जागा शोधते, तीच वेफरला फुगवते. दोनेक मिनिटांत कागदासारखा पत्रा बाहेर. त्यावर क्रीम, वर दुसरा पत्रा, मग थंड करून तारेने कापायचं. क्रीममध्ये पाण्याचा थेंब चालत नाही. साखर चरबीतच दळायची. पाणी शिरलं की जुलैत ठाण्यात उघडा राहिलेला पापड आणि आमचा वेफर, दोघांची अवस्था एकच.

म्हणून पामतेल. घरात घट्ट राहतं, तोंडात विरघळतं. शेंगदाणा तेल घालून बघा, पुड्यातून गळेल. पूर्वी या कामाला वनस्पती तूप वापरायचे, त्यात ट्रान्स फॅट. ते २०२२ पासून २ टक्क्यांच्या आत ठेवायचा नियम आहे. त्यामानाने पामतेल बरं म्हणायचं.

पण साळुंकी ताईंचं खरं आहे. आमच्याकडे पामतेल टँकरने यायचं आणि हेझलनट पेस्टचे डबे कुलपात. किल्ली सुपरवायझरच्या गळ्यात. मोडके वेफर दळून परत क्रीममध्ये जायचे.

साळुंकी, रात्री १०.५२

शी! मोडका माल परत आत? आणि हे तुम्ही अभिमानाने सांगताय?

रबाळे_नाईटशिफ्ट, रात्री १०.५८

रात्रीच्या उरलेल्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा करता की नाही? फोडणी घातली की ती संस्कृती, आम्ही दळलं की शी. जमिनीवर पडलेलं नाही टाकायचो ताई, ते वेगळ्या पिंपात.

चरईचे_काका (ठाणे), रविवार सकाळी ७.१०

मीच तो "फतवा" काढणारा. माझं लिखाण न विचारता इथे आणलंत त्याबद्दल आभार.

टक्केवारी मान्य. पाठीमागे बारीक अक्षरांत असतं, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. पण मुद्दा पामतेलाचा आहे. जवळजवळ अर्धी संपृक्त चरबी. २०१६ साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनेच सांगितलं की २०० अंशांच्या वर शुद्ध करताना त्यात घातक द्रव्यं तयार होतात. इंडोनेशियात जंगलं तोडून लागवड होते ते निराळंच. आमच्या घरी हे तेल येत नाही. फराळसुद्धा आम्ही दरवर्षी कळव्याच्या एका ताईंकडून घेतो. घरगुती, शुद्ध. चकली तोंडात टाकली की विरघळते.

गोखलेरोडी, सकाळी ८.३०

काका, त्याच अहवालात हेही होतं की ही द्रव्यं इतर तेलांतही होतात, पामतेलात जास्त. आणि कमी तापमानावर शुद्ध करता येतं. अर्धाच पेपर वाचून उठायची तुमची सवय ग्रुपवरही दिसते. (हलकं घ्या.)

बाय द वे, कोपऱ्यावरच्या दुकानातला फरसाण कशात तळतात, विचारलंय कधी?

कळव्याची_अन्नपूर्णा, सकाळी ९.१५

मी गेली चौदा वर्षं फराळाच्या ऑर्डरी घेते. कळव्यातच. विरघळणारी चकली वाचून हसू आलं म्हणून लिहितेय.

विरघळते कारण भाजणीत मोहन बरोबर पडलंय आणि तळलीय पामोलिनमध्ये, म्हणजे पामतेलाच्याच पातळ भागात. शेंगदाणा तेलातली चकली चवीला खमंग, पण माझ्या दरपत्रकावर तिचा भाव किलोला ऐंशी रुपयांनी जास्त. दोन्ही भाव मोठ्या अक्षरांत लिहिलेले असतात, चष्मा लागत नाही. दहातली आठ गिऱ्हाइकं स्वस्तातली घेतात. मग शेजाऱ्यांना सांगतात, घाण्याच्या तेलातली आहे.

साळुंकी, सकाळी ९.४०

म्हणूनच मी बाहेरचं घेतच नाही. लाकडी घाण्याचं तेल आणते, घरी करते. आरोग्याला पैसे मोजायची तयारी हवी, एवढंच.

कळव्याची_अन्नपूर्णा, सकाळी १०.०२

तयारी हवी? ताई, २०२२ च्या दिवाळीला सरकारने "आनंदाचा शिधा" दिला. शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर एकेक किलो आणि लिटरभर पामतेल. तो घ्यायला मी रांगेत दोन तास उभी होते, पिशवी डोक्यावर धरून, ऊन होतं. त्या तेलात माझ्या पोरींसाठी शंकरपाळे झाले. लहानपणी आईनेही रेशनचं पामोलिन आणूनच दिवाळी केली. आम्ही काय विष खाल्लं? घोडबंदरच्या बाराव्या मजल्यावरून तयारी शिकवू नका.

साळुंकी, सकाळी १०.१०

मी सातव्या मजल्यावर राहते, आणि चाळीस मिनिटं टँकरची वाट बघते पाण्यासाठी. प्रत्येक गोष्टीला श्रीमंत-गरीब करायचं असेल तर चर्चाच नको.

रबाळे_नाईटशिफ्ट, सकाळी १०.१६

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कुठल्या तेलातले ते सांगणार नाही.

नाखवा_बेलापूर, सकाळी १०.४५

सगळं वाचलं. अवांतर: हेझलनटला मराठीत शब्द काय? वाशीच्या मसाला मार्केटात सुकामेव्याच्या गाळ्यावर मागितले तर माणूस म्हणाला, "फिंदक?" पाव किलो आणले. जगातले निम्म्याहून जास्त तुर्कस्तानातून येतात, काळ्या समुद्राच्या काठचे. कढईत मंद भाजले, गरम असतानाच जुन्या पंच्यात बांधून चोळले. साल कडू असते, ती निघाली पाहिजे. निम्म्यांची निघाली, निम्म्यांची हट्टी. मिक्सरला लावले तर आधी कूट, मग गोळा, आणि पाच मिनिटांनी तेल सुटून कालवणासारखं सरसरीत. मिक्सर गरम झाला, बायको त्याहून. त्यात कोको, पिठीसाखर, चुरलेला वेफर घालून लाडू वळले. संध्याकाळपर्यंत वेफर मऊ. चव फर्स्ट क्लास, कुरकुर शून्य.

तेव्हा कळलं रबाळेवाले काय म्हणतात ते. माझ्याकडून कोमट दूध पडलं होतं त्यात दोन चमचे.

साळुंकी, सकाळी ११.०५

नाखवा, दूध घातलंत तिथेच बुडालात. बाकी, सालाची युक्ती चांगली आहे. हे मी करून बघणार.

एक विचारायचं होतं. मागच्या डब्यातल्या गोळ्या पांढरट पडल्या होत्या. बुरशी समजून टाकून दिल्या. दुकानदाराशी भांडलेसुद्धा.

रबाळे_नाईटशिफ्ट, सकाळी ११.१२

बुरशी नव्हे. उन्हाळ्यात चॉकलेट विरघळतं, परत घट्ट होताना चरबी वर येऊन बसते. हेझलनटचं तेलही हळूहळू बाहेर झिरपतं. दिसायला वाईट, खायला चालतं. दुकानदाराला सॉरी म्हणा.

साळुंकी, सकाळी ११.१५

म्हणणार नाही. त्याने फ्रीज रात्री बंद ठेवलेला असतो, मला माहितेय.

अन्नपूर्णा ताई, मघाशी जरा जास्त बोलले. तुमची पामोलिनची नको, पण शेंगदाण्यातली एक किलो मिळेल?

चरईचे_काका, सकाळी ११.३०

मी स्पष्ट करतो. आमच्या ताई वेगळ्या असणार. आमची चकली तिळाशिवाय असते, मला तीळ चालत नाहीत. पामोलिनचा प्रश्नच येत नाही.

गोखलेरोडी, सकाळी ११.३४

धागा हेझलनटचा होता. आठवण म्हणून लिहून ठेवतो.

कळव्याची_अन्नपूर्णा, सकाळी ११.५०

साळुंकी ताई, मिळेल, मेसेज करा. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी ऑर्डरी बंद.

काका, बिनतिळाची चकली माझ्याकडे एकच घर घेतं. दर वर्षी वहिनी फोन करतात आणि म्हणतात, साधीच द्या, यांना काही कळत नाही. यंदा दोन किलो शेंगदाणा तेलातली लिहून घेऊ का? मागचे शंभर बाकी आहेत, ते धरून पाठवा.