क्षारपड जमिनीत किनाऱ्यावरची मोरस लावता येईल का?

प्रश्न – एक शेतकरी, वाळवा तालुका
कृष्णाकाठच्या आमच्या काळ्या रानातला ओढ्याकडचा सखल तुकडा क्षारपड झाला आहे. उन्हाळ्यात वर पांढरा थर येतो आणि उसाची उगवण विरळ होते. अलिबागकडे पाहुण्यांकडे गेलो असता खाजणाच्या बांधावर मांसल पानांची, बुडाशी लाकडी झालेली मोरस दाट वाढलेली दिसली. भरतीचे पाणी अंगावर घेऊन ही वनस्पती जगते कशी, आणि ती आमच्याकडे लावल्यास जमिनीतले क्षार ओढून घेईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – वनस्पतिशास्त्राची शिक्षिका, मिरज
मोरस ही सुएडा प्रजातीतली वनस्पती असून बीट, पालक आणि चाकवत यांच्याच कुळातली आहे. खारफुटीतल्या तिवराच्या पानांवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात, तशा मोरसला नसतात. ती मीठ आत घेते आणि साठवते. पान आडवे कापून भिंगाखाली धरल्यास कडेला हिरवा पट्टा आणि मधोमध मोठ्या, पाणीदार पेशी दिसतात. या पेशींचा बहुतेक भाग रिक्तिकेने, म्हणजे पेशीतल्या द्रवाच्या पिशवीने, व्यापलेला असतो व सोडियम आणि क्लोराइड तिथेच कोंडले जातात. हे आवश्यकच असते, कारण मोरसची विकरेही (पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारी एन्झाइम) आपल्या गव्हा-हरभऱ्याच्या विकरांइतकीच मिठाला नाजूक असतात. रिक्तिकेतल्या खाऱ्या द्रवामुळे रिक्तिकेबाहेरच्या पेशीद्रवातले पाणी ओढले जाऊ नये म्हणून पेशीद्रवात ग्लायसीन बीटेनसारखी निरुपद्रवी द्रव्ये साठतात. पान फुगत जाते तसे आतले मीठही विरळ होत राहते; मांसलपणाचा खरा उपयोग हाच.

तरीही तिचे बी गोड्या पाण्यातच चांगले रुजते. किनाऱ्यावर पावसाने वरचा थर धुतला गेला की रोपे उगवतात, त्यामुळे पेरणी करायचीच असेल तर ती पावसाळ्यात करावी.

उत्तर – कृषी पदवीधर, पलूस
बाईंनी वनस्पतीची बाजू नेमकी मांडली आहे. जमिनीचा हिशेब मात्र वेगळा आहे आणि अशा वनस्पती क्षार ओढून जमीन सुधारतात असे सांगणाऱ्या व्हिडिओंमध्ये तो कोणी सांगत नाही. हेक्टरी १० टन वाळलेला पाला निघाला आणि त्यात ३० टक्के क्षार धरले, तर ३ टन क्षार बाहेर जातील, तेही सगळा पाला शेताबाहेर नेला तरच. उलट लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षार असलेले विहिरीचे पाणी उसाला हेक्टरी २०,००० घनमीटर दिले, तर त्यातूनच १० टन क्षार येतात. निचरा नसेल तर ते तिथेच राहतात. भूजल वर आलेले असल्याने क्षार केशाकर्षणाने, म्हणजे मातीतल्या बारीक छिद्रांतून पाण्याबरोबर, पृष्ठभागावर चढतात आणि पाणी उडून गेले की आपल्याला पांढरा थर दिसतो.

म्हणून आधी माती तपासून घ्यावी. संपृक्त अर्काची (पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त आणि सामू (pH) ८.५ च्या आत असेल तर जमीन क्षारयुक्त आहे. तिला निचरा आणि गोड्या पाण्याने धुणे पुरते. सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य (मातीच्या कणांना धरून असलेले) सोडियम १५ टक्क्यांहून अधिक असेल तर ती चोपण आहे आणि तिथे जिप्समही लागेल. सच्छिद्र पाइपची भूमिगत निचरा प्रणाली खर्चिक असली तरी आपल्या भारी जमिनीला तिच्याशिवाय गत्यंतर नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात याची माहिती मिळेल.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. पाइपचे पाणी सोडायला ओढ्यापर्यंत शेजाऱ्यांच्या रानातून चर काढावा लागेल, म्हणजे सर्वांची संमती आली. ती मिळेपर्यंत त्या कोपऱ्यात मोरस ठेवली तर तिचा काही उपयोग होईल का?

उत्तर – वनस्पतिशास्त्राची शिक्षिका, मिरज
जमीन उघडी राहण्यापेक्षा हिरवी राहिलेली बरी, कारण सावलीमुळे पृष्ठभागावरून बाष्पीभवन कमी होते. कोवळ्या पाल्याची भाजी किनाऱ्यावर आवडीने खातात. पाला उकळून, पिळून घ्यावा आणि वरून मीठ घालू नये. जनावरांना मात्र नुसती मोरस देऊ नये. दुसऱ्या वैरणीत थोडी मिसळावी व पिण्याचे पाणी भरपूर ठेवावे. कापणी खालची पाने गळू लागण्यापूर्वी करावी, कारण सर्वाधिक मीठ जुन्या पानांतच साठलेले असते आणि ती गळून कुजली की ते पुन्हा त्याच मातीत जाते.