नडगी मोडल्यानंतर मांडी घालून बसायला कोणाला जमलं का?

नमस्कार मंडळी, मी गोव्यातल्या डिचोलीचा. गेल्या पावसात स्कूटर घसरली आणि उजवी नडगी गुडघ्याखालीच मोडली. प्लेट-स्क्रू घालून ९ महिने झाले. हाड जुळलंय, काठीही सुटली, पण गुडघा १०० अंशांच्या पुढे वाकतच नाही. घरच्या चिऱ्यांच्या पायऱ्या चढतो. उतरताना दुखरा पाय आधी खाली टाकायचा, हे अजून विसरतो आणि कळ मस्तकात जाते.

पण खरं दुखणं वेगळंच. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आरतीला मी मांडी घालून घुमट (मातीच्या घड्याला चामडं लावलेलं आमचं तालवाद्य) वाजवायचो. गेली चवथ खाटेवर गेली. परवा खुर्चीत बसून वाजवून बघितलं, घुमट कुशीत ठरेना, ताल सुटला. भाऊ हसला, मीही हसलो. मग आत जाऊन रडलो (बायकोला सांगू नका).

एक डॉक्टर म्हणतात व्यायाम चालू ठेवा, दुसरे म्हणतात गुडघा मोकळा करायला आणखी एक ऑपरेशन. इतक्या उशिरा नुसत्या व्यायामाने कोणाचा गुडघा वाकला का? किती दिवस लागले? आणि म्हापसा-पणजीकडे पाण्यातला व्यायाम करून घेणारं कोणी आहे का? चवथीआधी एकदा तरी जमिनीवर टेकायचंय.