शिक्षकी सोडणारा ‘मुळात शिक्षक नव्हताच’?

गोदाकाठ : ‘दोन-दोन सुट्ट्या आणि दिवसाला सहा तास काम, एवढे सुख असूनही जो शिक्षकी सोडतो तो मुळात शिक्षक नव्हताच,’ असे काल एका बंधूंनी लिहिले, म्हणून हा प्रपंच. मी 2008 साली एका विनाअनुदानित माध्यमिक शाळेत गणित शिकवायला लागलो. पुढच्याच वर्षी सरकारने ‘कायम विनाअनुदानित’मधला ‘कायम’ हा शब्द काढला, तेव्हा आता अनुदान मिळणार म्हणून आम्ही पेढे वाटले. वीस टक्के अनुदान जाहीर व्हायला 2016 उजाडले आणि त्या यादीत आमची शाळा नव्हतीच. तोवर संस्था महिना चार हजार देत असे, तेही थकवून. रविवारी मी मेहुण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायचो आणि माझेच विद्यार्थी खिळे घ्यायला आले की मान खाली घालून वजन करायचो. आठव्या वर्षी दुकानच धरले.

वऱ्हाडी : तो बंधू मीच. आपली कहाणी वाईट आहे, परंतु माझा रोख जिल्हा परिषदेच्या पगारदार गुरुजींवर होता. आमच्या गावचे गुरुजी तालुक्याहून ये-जा करतात आणि मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावीच, राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव जोडून घरभाडे भत्ता उचलतात.

गोदाकाठ : मग ते नोकरी सोडत कुठे आहेत? सोडतो आम्ही, आणि शिव्या बसतात त्यांच्या नावाने.

निवृत्त मुख्याध्यापिका : भत्त्याचा विषय निघणारच होता. माझ्या द्विशिक्षकी शाळेतले दुसरे गुरुजी मतदारयादीच्या कामाला गेले, की चार वर्ग आणि खिचडी माझ्या एकटीच्या गळ्यात पडत असे. शिक्षण हक्क कायद्याच्या 27व्या कलमात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामे आहेत. तांदूळ मोजणे त्यात कुठे बसते, ते मला निवृत्त होईपर्यंत कोणी सांगितले नाही.

वऱ्हाडी : खिचडी मदतनीस बाई शिजवते. गुरुजींच्या हातात पळी मी तरी पाहिलेली नाही.

निवृत्त मुख्याध्यापिका : पळी नसेल, पेन असते! पाचवीपर्यंत मुलामागे 100 ग्रॅम आणि पुढे 150 ग्रॅम तांदूळ, रोजची हजेरी, शिल्लक, चवीची नोंद. पोत्यावर पन्नास किलो लिहिलेले आणि काट्यावर सत्तेचाळीस भरलेले असे एकदा झाले, तेव्हा ते तीन किलो मी घरून आणून घातले, कारण सही माझी होती. आपण कधी पोते उचलून पाहिले आहे का?

तिसऱ्या वर्षाचा शिक्षणसेवक : खिचडी आता पुरे करावी, ही विनंती. 2023च्या आधी प्राथमिक शिक्षणसेवकाला महिना 6,000 रुपये मिळत, आता 16,000 मिळतात; हीही वाढच म्हणायची. तीन वर्षे तेवढ्यावर काढायची, घरापासून दोन जिल्हे दूर. माझ्याबरोबर निवड झालेला मित्र दुसऱ्याच वर्षी तलाठी झाला. तो फार छान शिकवायचा, आणि त्याला आपण ‘शिक्षक नव्हताच’ म्हणणार असाल तर माझे बोलणेच खुंटले.

वऱ्हाडी : बरे, सर्वांचे समाधान होणार असेल तर ते एक वाक्य मागे घेतो. भत्त्याचे घेत नाही.

निवृत्त मुख्याध्यापिका : घेऊ नका. आपल्या वाड्यात एखादी खोली रिकामी असल्यास भाडे मात्र कळवावे, गुरुजींना निरोप पोचवते.

वऱ्हाडी : खोली आहे, परंतु तिच्यावर भावकीचा दावा चालू आहे.