अनुभव धागा : किशोरवय, टाइप १ मधुमेह आणि सोबत चालणारे वैद्यकीय कर्मचारी

टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते, त्यामुळे इन्सुलिन आयुष्यभर बाहेरून घ्यावे लागते. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत ज्या रुग्णाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले, तो लिओनार्ड थॉम्प्सन अवघ्या १४ वर्षांचा होता. त्याच वयाच्या आपल्या मुलांना ज्या डॉक्टरांनी, सिस्टरांनी, आहारतज्ज्ञांनी आणि समुपदेशकांनी हात दिला, त्यांच्याविषयी इथे सविस्तर लिहावे. व्यक्तींची व रुग्णालयांची नावे देऊ नयेत आणि इन्सुलिनच्या मात्रेविषयी सल्ले देऊ नयेत, ही विनंती.

एक आई, सातारा

मुलगी तेरा वर्षांची झाली आणि तोवर आटोक्यात असलेली साखर सकाळच्या वेळी अचानक चढू लागली. घरातली वडीलधारी मंडळी 'ही चोरून खाते' असे तिच्या तोंडावर म्हणत. डॉक्टरांनी खुर्ची माझ्याकडून तिच्याकडे वळवली आणि वयात येताना वाढीची संप्रेरके इन्सुलिनचा परिणाम कमी करतात, म्हणून मात्रा वाढवावी लागते, यात तुझा काही दोष नाही, हे तिलाच समजावून सांगितले. पुढच्या प्रत्येक भेटीत ते मला थोडा वेळ बाहेर बसायला सांगू लागले. सुरुवातीला मला ते खटकले, पण आता ती स्वतःचे प्रश्न स्वतः लिहून नेते.

मधुमेह शिक्षिका, कोल्हापूर

मी मूळची परिचारिका. मुलांनी आणलेली साखरेच्या नोंदींची वही मी आधी नुसती चाळते. महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेल्या असतील, पानावर रक्ताचा एकही ठिपका नसेल आणि आकडे सगळे सुरेख असतील, तर ते खरे नाहीत हे कळते. अशा वेळी रागावले तर मूल पुढच्या वेळी अधिक सफाईने लिहून आणते, एवढेच साधते. म्हणून मी सांगते की २८० हा आकडा मला ११० इतकाच उपयोगाचा आहे, कारण त्यावरून मात्रा कुठे कमी पडते ते दिसते. त्यानंतर मी पोट आणि मांड्या बोटांनी चाचपून बघते. दुखत नाही म्हणून मुले सुई एकाच जागी टोचत राहतात, तिथे चरबीची मऊ गाठ बनते आणि तिथून इन्सुलिन नीट शोषले जात नाही. मात्रा वाढवूनही साखर उतरत नसेल, तर अनेकदा दोष जागेचा असतो आणि बोलणी मात्र मुलाला बसतात, याचे मला फार वाईट वाटते.

अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नागपूर

आमच्या आहारतज्ज्ञ मॅडमनी मला छापील तक्ता दिला नाही. आईला भाकरीचा उंडा आणि माझ्या वाटीतला भात वजनकाट्यावर ठेवायला सांगून त्यातली कर्बोदके मोजायला त्यांनी मलाच शिकवले, त्यामुळे लग्नाच्या पंगतीत पुरणपोळी खाऊन त्या हिशेबाने इन्सुलिन घेणे मला जमू लागले. संध्याकाळी फुटबॉल खेळल्यावर साखर कित्येक तासांनी, अगदी मध्यरात्रीही उतरू शकते, हेही त्यांनीच बजावले. सीबीएसईने २०१७ मध्ये मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळे आणि पाणी जवळ ठेवण्याची मुभा दिली होती, पण पर्यवेक्षकांना ते ठाऊक असेलच असे नाही, म्हणून डॉक्टरांनी दहावीच्या वेळी मुख्याध्यापकांसाठी प्रमाणपत्र आधीच लिहून दिले.

एक वडील, बीड जिल्हा

आमच्याकडे फ्रीज नाही. उन्हाळ्यात इन्सुलिनची बाटली ओल्या वाळूतल्या मडक्यात कशी ठेवायची, हे सिस्टरांनी मुलाच्याच हातून करवून घेतले.

पदव्युत्तर विद्यार्थिनी, पुणे

'पुढे लग्नाला अडचण येईल, कुणाला सांगू नकोस' असे घरून बजावलेले असल्याने मी शाळेत जेवणाआधीचे इन्सुलिन स्वच्छतागृहात जाऊन घेत असे. समुपदेशक ताईंनी आईबाबांना बोलावून, साखर आधीपासून आटोक्यात ठेवून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली मधुमेही स्त्रियांना निरोगी मुले होतात, हे शांतपणे समजावले. वसतिगृहात जाण्याआधी त्यांनी एक गोष्ट माझ्याकडून कबूल करून घेतली. निदान खोलीतल्या मैत्रिणींना तरी सांगायचे, मला घाम फुटून हात थरथरू लागले तर साखरपाणी द्यायचे, आणि मी शुद्धीवर नसेन तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठायचे, हे त्यांना शिकवायचे. मी ते पहिल्याच आठवड्यात केले.