लेहची आईस हॉकी आणि धुळ्याची सेसना, एकाच आठवड्यात. शटर किती ठेवू?

गंगापूररोड_क्लिक
नमस्कार मंडळी. जानेवारीअखेर आठवडाभर सुट्टी काढली आहे. आधी चार दिवस लेह, करझू तळ्याच्या नैसर्गिक बर्फावरची आईस हॉकी. परत आल्यावर दोन सकाळी धुळ्याला, गोंदूर धावपट्टीवरची शिकाऊ विमानं, म्हणजे छोटी सेसना. फ्लाइंग स्कूलची लेखी परवानगी मिळाली आहे. कॅमेरा कॅनन आर७, सोबत ७०-२०० एफ/२.८ आणि १००-४००. दोन्हीकडे शटर १/२००० सेकंद लावून टाकलं तर चालेल का? आणि बर्फ फोटोत करडा येतो, तो का?

पंचवटी_पॅनिंग
हॉकीला चालेल, विमानाला अजिबात नाही. सेसना १७२ चं इंजिन मिनिटाला २४०० फेरे मारत असेल, तर पंखा सेकंदाला ४० वेळा फिरतो. १/२००० ला पातं जेमतेम ७ अंश सरकतं. पंखा थिजलेला दिसतो आणि विमान दोरीला टांगल्यासारखं वाटतं. १/१२५ ला ११५ अंश, १/८० ला १८०. पाती दोन असल्याने १/८० ला पूर्ण चकती भरते. सुरुवात १/२५० ने करा, हात बसला की १/१२५ वर या. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर सावकाश चालताना, फेरे हजाराच्या आसपास असतात, तेव्हा १/६० लागेल.

इतक्या मंद शटरला लेन्स विमानासोबत फिरवावी लागते, तेच पॅनिंग. पाय धावपट्टीला समोर रोवा, फिरायचं फक्त कमरेतून, आणि क्लिक झाल्यावरही लेन्स विमानासोबत फिरत राहू द्या. बहुतेक जण बटण दाबताच थांबतात आणि नेमकी तीच फ्रेम हलते. लेन्सवर स्टॅबिलायझरचा मोड २ (पॅनिंगसाठीचा) असेल तर तो लावा. सरावाला नांदूर मध्यमेश्वरची बदकं उत्तम, १/१२५ वर डोळा धारदार येईपर्यंत.

एक महत्त्वाचं: आर७ चं इलेक्ट्रॉनिक शटर विमानांसाठी बंद ठेवा. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, तेवढ्यात पातं पुढे सरकतं आणि केळ्यासारखं वाकडं येतं. मेकॅनिकलवरही सेकंदाला १५ फ्रेम मिळतात, त्या पुष्कळ झाल्या.

बर्फवेडी_नाशिकरोड
बर्फ करडा येतो कारण कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला समोर दिसणारं सगळं मध्यम करडं करायचं असतं. फ्रेममध्ये तीनचतुर्थांश पांढरं असलं की तो उजेड कापतो. ऑटोवर एक्स्पोजर +१ ते +१.३ द्या, म्हणजे फोटो तेवढा उजळ येईल. त्याहून बरं म्हणजे सरळ मॅन्युअल, कारण लेहच्या उघड्या उन्हात उजेड तासन्‌तास बदलत नाही. आयएसओ (उजेडाला संवेदनशीलता) २००, एफ/५.६ (लेन्सचं छिद्र), १/२००० पासून सुरू करा, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीच्या अलीकडे ठेवा. डोंगराची सावली मैदानावर सरकली की पुन्हा मोजा, नाहीतर निम्मे खेळाडू निळे येतील. उन्हात बर्फावरून परतणारा उजेड हेल्मेटच्या आत खालून शिरतो, जाळीमागचा चेहरा, भुवयांवरचं दवसुद्धा दिसतं. घरातल्या रिंकवर हे मिळत नाही.

फोकसचं म्हणाल तर चेहऱ्यावरच्या जाळीमुळे डोळा ओळखणं वारंवार फसतं. छोटा झोन घेऊन जर्सीच्या छातीवर धरा, आणि ट्रॅकिंगची संवेदनशीलता कमी करा, नाहीतर मध्येच रेफरी आला की फोकस त्याच्यामागे पळतो. पक, म्हणजे हॉकीची रबरी चकती, ७.६ सेंमी व्यासाचा असतो. ताशी १३० किमीने सुटला तर १/१००० मध्ये तो सुमारे ३.६ सेंमी सरकतो, म्हणजे जवळजवळ निम्मा. १/२००० हवं ते यासाठी.

संध्याकाळी दिव्यांखाली सामना असेल तर एफ/२.८, १/१०००, आयएसओ ३२०० ते ६४००. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून एक फ्रेम उजळ तर पुढची मळकी येते. अँटी-फ्लिकर चालू ठेवा.

आणि दादा, गोलच्या मागे उभे राहू नका. जिथे उंच काच किंवा जाळी नसते तिथे पक थेट तोंडावर येतो आणि व्ह्यूफाइंडरला लावलेल्या डोळ्याला तो दिसतही नाही. कोपऱ्याच्या बाजूला थांबा.

सिडको_लेन्स
चार दिवसांतले पहिले दोन पूर्ण विश्रांतीचे धरा. लेह ३५०० मीटरवर आहे, विमानाने थेट उतरल्यावर किट उचलून पळायचं नाही. म्हणजे हाताशी दोनच दिवस उरतात. जमल्यास रजा वाढवा.

बॅटऱ्या तीन तरी न्या, विमानात केबिन बॅगेतच. बाहेर एक कॅमेऱ्यात, बाकीच्या स्वेटरच्या आतल्या खिशात. थंडीने मेलेली बॅटरी अंगाशी ऊब मिळाली की पुन्हा थोडी चालते. खरा घात होतो तो बुखारी (शेगडी) पेटवलेल्या खोलीत शिरताना: थंड काचेवर आणि आत सेन्सरवर पाणी धरतं. बाहेर असतानाच कॅमेरा झिपलॉक पिशवीत घालून हवा काढा, खोलीत आल्यावर दोन तास पिशवी उघडू नका. कार्ड आधीच काढून घ्या, म्हणजे तोवर फोटो बघता येतील.

गंगापूररोड_क्लिक
रजा दोन दिवस वाढवतो. कॅमेऱ्याच्या साठवणीच्या जागांपैकी सी१ वर हॉकी, सी२ वर उडतं विमान, सी३ वर टॅक्सी असं साठवून ठेवतो. धुळ्याला किती वाजता पोचू?

पंचवटी_पॅनिंग
सूर्य उगवतानाच. आदल्या रात्री मुक्काम करा, नाशिकहून पहाटे निघून तीन तास गाडी चालवल्यावर हात थरथरतात. दहानंतर डांबरावरून गरम हवा उठते आणि ४०० मिमीवर विमानाच्या कडा पाण्यात धरल्यासारख्या हलतात, त्याला महागडी लेन्सही उपाय नाही. सेसनाचे पंख वर असल्याने दुपारी कॉकपिट काळंकुट्ट पडतं. सकाळचं तिरपं ऊन मात्र पंखाखाली शिरतं. आकाशासमोर असताना +०.७ ते +१ द्या. विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) बघा: विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं, त्यावरून कोणतं टोक धरायचं ते ठरवा आणि सूर्य पाठीशी राहील अशी बाजू मागून घ्या.

नाशिकच्या ओझर आणि गांधीनगर विमानतळांच्या कुंपणाबाहेर मात्र सरावालाही कॅमेरा काढू नका, लेह विमानतळावरही नाही. तिन्ही संरक्षण खात्याशी जोडलेल्या जागा आहेत.